झोपाळा सरळ चालला पाहिजे

आमच्या घरात जॉइंट हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडायचा. बाबा रिफायनरीत पाइप फिटर होते. जगातल्या कुठल्याही दोन वस्तू जिथे एकमेकींना भेटतात, त्या जागेला त्यांच्या लेखी हे एकच नाव होतं. कुकरच्या दांड्याचा जॉइंट ढिला झालाय. कपाटाच्या दाराचा जॉइंट कुरकुरतोय. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुणे गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "जॉइंट पक्का वाटतोय." मी एका गुजराती माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. सातवीच्या वर्गात हा शब्द आला की मी फळ्यावर त्याचे अर्थ लिहिते: हाडांचा सांधा, नळाचा सांधा, एकत्र कुटुंब, दोघांनी मिळून केलेलं काम. मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी सेवउसळ खायच्या अड्ड्याचं नाव सुचवतं, तेही लिहिते. शब्दकोशात आणखी बरेच आहेत. घरी मात्र बाबा या सगळ्यांना एकाच पान्याने कसायचे.

त्यांचे दोन नियम होते आणि ते आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. पहिला नियम, दोन पाइपांच्या चकत्या जोडताना एका बाजूचा बोल्ट पूर्ण कसायचा नाही. एक इकडचा थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा. एका बाजूने कसलं की जॉइंट वाकडा बसतो आणि वाकडा बसलेला जॉइंट कधी ना कधी गळतोच. दुसरा नियम, जोडलेल्या जॉइंटला हात लावायचा नाही. पाइपाच्या आट्यांना सूत गुंडाळून वर सफेद्याची लुकण लावली की निदान एक दिवस तरी तो तसाच बसू द्यायचा. लहानपणी माझं आणि भावाचं भांडण मिटलं की बाबा आईला म्हणायचे, "आता त्यांना हलवू नकोस. बसू दे." ही गोष्ट या दुसऱ्या नियमाने घातलेल्या गोंधळाची आहे आणि पहिल्याने तो निस्तरला त्याची.

बडोद्याच्या तरसाली भागात आमचं टेनामेंट आहे, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या बैठ्या घरांच्या रांगेतलं एक. घर घेतलं त्याच वर्षी बाबांनी ओट्यावर झोपाळा टांगला. बडोद्यात हिंचक्याशिवाय घर म्हणजे देवाशिवाय देव्हारा, हे ते जळगावहून इथे आल्यावर वर्षभरात शिकले होते. सळया त्यांनी स्वतः वाकवल्या, कड्या स्वतः घडवल्या, आणि दर रविवारी सकाळी स्टुलावर चढून त्या कड्यांमध्ये तेलाचे चार थेंब सोडले. संध्याकाळी पाच वाजता आई चहाचे दोन कप घेऊन झोपाळ्याच्या उजव्या टोकाला बसायची, बाबा डाव्या. आई चणीने लहान. झोपाळ्यावर बसली की तिचे पाय अधांतरी राहायचे, त्यामुळे दोघांच्या वाटणीचा झोका बाबाच द्यायचे. त्यांच्या पायाला त्याची इतकी सवय होती की चहा पिताना, पेपर वाचताना, शेजारच्या काकांशी गुजरातीत गप्पा मारतानाही तो आपला जमीन मागे सारत असायचा. आईने कधी "जरा जोरात" म्हटलं नाही आणि बाबांनी कधी "तू दे आता" म्हटलं नाही.

बाबांचा डावा गुडघा गेली सहा-सात वर्षं दुखत होता. गेल्या वर्षी तो इतका वाकला की ते रस्त्याने चालले की मला मागून बघवेना. शेवटी गुडघा बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी सर्जनने प्लास्टिकचा गुडघा आणि त्यात बसवायचा धातूचा सांधा टेबलावर ठेवून सगळं समजावलं. बाबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, फट किती राहते ते नखाने पाहिलं, आणि हाडाला हे कशाने धरून ठेवणार असं विचारलं. सर्जन म्हणाले, एक खास सिमेंट असतं त्याने. बाबांनी मान डोलावली. मला वाटलं, किती छान, यांना समजतंय सगळं. आपल्याला वाटतं समोरच्याने मान डोलावली म्हणजे झालं.

ऑपरेशन नीट झालं, पण नंतर भूल उतरताना हृदयाचे ठोके बिघडले आणि त्यांना एक दिवस आयसीयूत ठेवावं लागलं. त्या दिवशी आईला मी जबरदस्तीने घरी पाठवलं होतं. दुपारी तिला न्यायला तरसालीला गेले. फाटक उघडलं तेव्हा ती झोपाळ्यावर बसली होती आणि झोपाळा हलत होता. मी घाईत होते. तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले. वाटेत दोघींनाही एकाच गोष्टीची भीती वाटत होती.

बाबा पाचव्या दिवशी घरी आले. आईने आधीच जुनी साडी फाडून झोपाळा खिडकीच्या गजाला बांधून टाकला होता, ते चुकून बसतील आणि पडतील म्हणून. पहिले काही दिवस फिजिओवाल्या बेन घरी येत होत्या. मग बाबांनी त्यांना सांगितलं की आता मला सगळं येतं, माझं मी करीन. गुडघा दिवसातून चार वेळा, वीस-वीसदा वाकवायचा होता. मी मांजलपूरहून शाळा सुटली की येत असे. आतल्या खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून बाबांचा खणखणीत आवाज: एक, दोन, तीन. वीस झाले की थोडा वेळ शांतता, पुन्हा एक, दोन, तीन. मी स्वयंपाकघरात चहा टाकताना ऐकायची आणि मला बापाचा अभिमान वाटायचा. वॉकर घेऊन ते घरभर चालतही होते, पाय जरा ताठ पडायचा एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात सर्जनने गुडघ्याला कोनमापक लावलं. पंचावन्न अंश. ते पुन्हा लावलं. पंचावन्नच. एव्हाना नव्वदच्या जवळ असायला हवा होता, ते म्हणाले. आत चिकटत चाललंय. आणखी तीन आठवडे देतो. तोवर नव्वद झाला नाही, तर भूल देऊन हाताने जोर लावून वाकवावा लागेल. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की मागच्या वेळी हृदयाने जो त्रास दिला तो पाहता यांना दुसऱ्यांदा भूल द्यायची माझी मुळीच इच्छा नाही, पण पाय असाच राहिला तर तो काठीसारखाच राहील.

 घरी आल्यावर दार लावलं आणि विचारलं, "बाबा, रोज वीसदा चार वेळा म्हणजे ऐंशी. तीन आठवडे. कुठे गेलं ते सगळं?"

बाबा पलंगावर बसून पायाकडे बघत होते. आई मेथी निवडत होती, ती निवडायची थांबली. शेवटी तीच म्हणाली, "ते नुसते मोजायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे आकडे म्हणायचे. पाय हलवायचे नाहीत."

"आणि तू बसून ऐकायचीस?"

"मी मेथी निवडायची," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "सिमेंट आहे ना आत. कॉलम भरला की अठ्ठावीस दिवस पाणी मारतात, त्यावर भार टाकत नाहीत. नवा जॉइंट आहे, म्हटलं बसू दे. त्या बेनला काय सांगणार, ती पोर आहे. तिने कधी जॉइंट केलाय?"

माझा राग नाकावर असतो, हे मला शाळेतली मुलंही सांगतील. हाडात वापरतात ते सिमेंट ऑपरेशनच्या टेबलावरच काही मिनिटांत घट्ट होतं, हे मी त्यांना ओरडूनच सांगितलं. चाळीस वर्षं पाइप जोडले म्हणून माणसाचा पाय कळत नाही, असं म्हटलं. तुमच्यापेक्षा नळ बरा, तो गळतो तेव्हा निदान दिसतं तरी. आणि मग जे बोलायला नको होतं तेही बोलले. म्हटलं, "दुसऱ्यांदा भूल दिली आणि तुम्ही उठला नाहीत, तर आईने कुणाकडे बघायचं?"

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. आई पुन्हा मेथी निवडू लागली, पण कोवळी पानं कचऱ्यात आणि देठं ताटात चालली होती. मी घरी जाताना मकरपुऱ्याच्या सिग्नलला स्कूटरवर रडले. मला राग आला होता तो भीतीचा होता, आणि तो काढायला मला आजारी बापच सापडला, याची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून फिजिओवाल्या बेनना परत बोलावलं. त्या चांगल्या होत्या, त्यांनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. "काका, पग वाळो. हजी थोडो," पाय वाकवा, अजून थोडा, म्हणत त्या बाबांचा पाय हळूहळू दाबायच्या. पण आता बाबांचं मन तयार होतं तर शरीर नव्हतं. बेनचा हात लागायच्या आधीच मांडी दगडासारखी कडक व्हायची. कपाळावर घाम यायचा. बाबा कधी दुखतंय असं म्हणाले नाहीत, फक्त पलंगाची कड धरून ठेवायचे. आठवड्याने कोन मोजला तर साठ. आई म्हणाली, आजार येतो हत्तीच्या पावलाने आणि जातो मुंगीच्या पावलाने. मी मनात म्हटलं, आपल्याकडे मुंगीला दोनच आठवडे आहेत.

त्या शुक्रवारी बाबांनी मला सांगितलं, "जाम झालेला नट जोर लावून फिरवला की तुटतो. मी किती तोडलेत. राहू दे आता. काठी घेऊन चालीन." आवाजात राग नव्हता. तेच मला सहन झालं नाही. नळाला जरा पाणी ठिबकलं तर मध्यरात्री उठून बसणारा माणूस स्वतःचा पाय सोडून द्यायला निघाला होता.

शनिवारी शाळा लवकर सुटते. चारच्या सुमारास तरसालीला पोचले तर ओट्यावर आई झोपाळ्यावर बसलेली. साडीची चिंधी सोडून, घडी करून, मांडीवर ठेवलेली. शेजारी चहाचे दोन कप. झोपाळा जागच्या जागी. दारात खुर्ची टाकून बाबा बसले होते, डावा पाय समोर लांब करून.

"अगं, हे काय?" मी विचारलं.

"चहा पितेय," आई म्हणाली.

मी पायरीवर बसले.  आई कप उचलायची, एक घोट घ्यायची, परत ठेवायची. बाबा कपाकडे बघत होते, मग झोपाळ्याकडे, मग आईच्या अधांतरी पायांकडे.

"हलत नाहीये," ते म्हणाले.

"कसा हलेल? माझे पाय कुठे पोचतात? तुम्हाला माहीत आहे."

"पोरीला सांग ढकलायला."

"नको," आई म्हणाली. "अशीच बसते. सवय करून घ्यायला पाहिजे ना आता."

हे तिने अगदी सरळ आवाजात म्हटलं, भाजी आणायला पाहिजे म्हणावं तसं. बाबांनी खुर्चीचे हात धरले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "धर जरा तो झोपाळा. घट्ट धर." वॉकर टेकवत ते आले, पाठ करून उभे राहिले आणि डावा पाय पुढे काढून आपल्या जागेवर बसले. मी सळया सोडल्या. त्यांनी उजव्या पायाने झोका दिला.

झोपाळा तिरका गेला. एका बाजूने रेटा, दुसरीकडे ताठ पाय, त्यामुळे पाट फिरला आणि आईच्या बाजूचं टोक भिंतीला घासलं. चहा बशीत सांडला. बाबांनी थांबवलं, पुन्हा झोका दिला. पुन्हा तिरका.

"वाकडा चालतोय," बाबा म्हणाले.

"चालू दे."

"चालू दे काय? कड्या एका बाजूने झिजतील." त्यांनी वर पाहिलं. महिनाभर तेल न मिळाल्याने कड्या कुरकुरत होत्या. तिसऱ्यांदा झोका दिला, तिसऱ्यांदा टोक भिंतीला लागलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. एका बाजूने कसलेला जॉइंट पाहिल्यावर त्यांचा जसा व्हायचा, तसाच झाला होता. त्यांनी दोन्ही हात डाव्या मांडीखाली घातले, पाय उचलून जवळ ओढला आणि टाच फरशीवर टेकवली. मग दोन्ही पायांनी, बेताने, एक झोका दिला.

झोपाळा सरळ मागे गेला. पाय जमिनीवर आणि माणूस मागे, त्यामुळे गुडघ्याला उघडावंच लागलं. झोपाळा पुढे आला आणि गुडघा आपोआप मिटला. बाबांनी दात आवळले. पुढचा झोका त्यांनी दिला नाही, तो आधीच्याच जोरावर आला, आणि पाय पुन्हा मिटला. दुखत होतं, ते दिसत होतं. पण इथे कोणी दाबत नव्हतं. जोर त्यांचा होता, थांबवणंही त्यांच्याच हातात होतं. आई दुसरीकडे बघत चहा पीत होती. त्या दिवशी दोघे अर्धा तास बसले.

सोमवारी फिजिओवाल्या बेननी हे पाहिलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी ओट्यावर बसून बराच वेळ बाबांच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, आ तो सरस छे. बस, एडी उठवा नहि देवानी." टाच उचलू द्यायची नाही, आणि रोज पाय जरा मागे ठेवून सुरू करायचं. बाबांनी माझ्या पर्समधून खडू मागून घेतला. फरशीवर टाचेमागे रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तिच्या एक बोट मागे दुसरी. आता सकाळ, दुपार, संध्याकाळ झोपाळा चालू असायचा आणि आई प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायची. एकदा मी म्हटलं, तू कशाला, त्यांचं ते करतील. तर बाबा म्हणाले, "रिकाम्या बाजूने हलका पडतो. वाकडा जातो." पहिल्या रविवारी मला स्टुलावर चढवून त्यांनी कड्यांना तेल घालून घेतलं. चार थेंब, पाचवा पडला तर ओरडले. ते ओरडले याचा मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम सहावाही पाडला.

काही दिवस रेघ मागे सरकली नाही. एक दिवस गुडघा सुजला आणि बर्फ लावून बसावं लागलं. मी शाळेत वर्गावर असताना मध्येच त्या रेघा आठवायच्या आणि फळ्यावर काय लिहीत होते ते विसरायची. शेवटचे चार दिवस मी बाबांना कोन विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही.

सहाव्या आठवड्यात सर्जनने कोनमापक लावलं. आईने माझा हात धरला होता, तिची नखं मला लागत होती. चौऱ्याण्णव. सर्जननी ते पुन्हा लावलं नाही. हसून बाबांना विचारलं, काका, असं काय केलंत? भुलीची आता गरज नाही.

"विशेष काही नाही," बाबा म्हणाले. "आमच्या हिचे पाय जमिनीला पोचत नाहीत. झोका मलाच द्यावा लागतो."

त्या संध्याकाळी मी तरसालीलाच थांबले. पायरीवर बसून वह्या तपासत होते. ते दोघे झोपाळ्यावर. फरशीवर खडूच्या रेघा होत्या, आईने झाडतानाही त्या पुसल्या नव्हत्या. चहात साखर कमी पडली म्हणून बाबा स्वतः उठले आणि काठी टेकत आत गेले. त्यांच्यामागे झोपाळा मंद होत होत थांबायला आला.

मी सहज वर पाहिलं. आई पाटाच्या कडेला जरा पुढे सरकली. तिने पायाचे चवडे फरशीला लावले आणि झोका दिला. एकटीच बसलेली असूनही झोपाळा रेषेत सरळ गेला, सरळ आला. असा झोका पहिल्यांदा देणाऱ्याला देता येत नाही. मला तो आयसीयूचा दिवस आठवला, फाटक उघडलं तेव्हा हलणारा झोपाळा आठवला.

तिने मला बघताना पाहिलं. मी काही विचारणार, तोच आतून काठीचा आवाज आला. आईने मागे सरकून दोन्ही पाय उचलून घेतले.

"थांबला वाटतं," बाबा साखरेचा डबा घेऊन दारात येत म्हणाले.

"थांबणारच," आई म्हणाली. "माझे पाय कुठे पोचतात?"